सीटखालची पिवळी रेघ

देविकाने आधी सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली आणि मगच ती तिच्यात बसली.

“झालं समाधान?” अनिमेषने विचारलं.

“करकरली.”

“नवा फोम आहे. करकरणारच.”

“फोम कधी करकरतो का रे? लोखंड करकरतं.”

गाडीच्या पलीकडून ओनीलचं हसू ऐकू आलं. तो गाडीखाली उताणा पडला होता, दिसत होते ते फक्त त्याचे बूट. “वहिनी, तुम्ही आमच्याकडे एअरपोर्टला कामाला या. विमानं टायमावर सुटणार नाहीत, पण पडणार पण नाहीत.”

देविका हसली नाही. नवऱ्याच्या मित्राच्या विनोदाला हसायचं असतं हे तिला कळत होतं. पण बोलणाऱ्याचं तोंड दिसत नसलं की त्याच्या बोलण्यावर विसंबायचं नाही, हे लेक वेदू झाल्यापासून तिच्या अंगवळणी पडलं होतं.

लोअर परळला एका काचेच्या टोलेजंग इमारतीच्या पाठीशी एक जुनं गोदाम अजून तग धरून होतं. ओनीलचे रूपर्ट अंकल पूर्वी तिथे टॅक्सी दुरुस्त करायचे. ते थकले आणि गोदामाची किल्ली पुतण्याकडे आली. ओनील दादरचा, विमानांच्या देखभालीत शिफ्ट करणारा. अनिमेष ठाकूरद्वारचा, दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आखडून घेणारा. कॉलेजात दोघांनी मिळून एक मोटरसायकल खोलली होती आणि ती परत जोडता आली नव्हती. तेव्हापासूनची दोस्ती. आता इतक्या वर्षांनी दोघांनी चौकोनी पाइप कापून, वेल्डिंग करून एका स्पोर्ट्स कारचा सांगाडा उभा केला होता. त्यात भंगारातल्या गाडीचं इंजिन बसवलं होतं आणि वरून फायबरचं लालभडक अंग चढवलं होतं. दोन सीट. छप्पर नाही, दार नाही, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. ती रस्त्यावर न्यायची नाही, गोदामाच्या लांबलचक आवारातच फिरवायची, अशी शपथ देविकाने दोघांकडून घेतली होती. एकाकडून घरच्या देवांची, दुसऱ्याकडून मदर मेरीची.

एवढ्यावर भागलं असतं तर तिला झोप लागली असती. पण अनिमेषने वेदूला शब्द देऊन ठेवला होता. दसऱ्याला गाडीची पहिली खरी फेरी, आणि डाव्या सीटवर वेदू. ऋग्वेदा हे नाव शाळेच्या ओळखपत्रापुरतं. पाच वर्षांच्या वेदूने ही बातमी सीनियर केजीच्या सगळ्या वर्गाला, बसच्या ताईला आणि खालच्या इस्त्रीवाल्याला सांगून टाकली होती. शब्द मोडायची सोय उरली नव्हती. म्हणून देविका दर रविवारी गोदामात येऊन बसायची आणि बघत राहायची.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. ती चहाचा थर्मास घेऊन जवळ आली की दोघांचे आवाज खाली यायचे. “आज काय केलंत?” विचारलं की अनिमेष म्हणायचा, “विशेष काही नाही. सीटचंच थोडं.” सीटचं थोडं म्हणजे काय, हे तिला गणपतीच्या सुमारास कळलं. वेदूचा चेंडू शोधायला ती गोदामाच्या मागे गेली होती. तिथे ताडपत्रीखाली फायबरचा एक जाड तुकडा दडवलेला होता. त्याला चार भोकं. त्यातली दोन अशी फाटलेली, की शर्टाचं बटण कुणी ओढून काढावं आणि सोबत कापडही यावं.

नवरा आपणहून सांगतो का, याची तिने वाट पाहिली. त्याने सांगितलं नाही. मग पुढच्या रविवारी, ठाकूरद्वारच्या घरी, सासूबाईंनी केलेलं माशांचं भुजणं वाढायच्या आधी तिने तो तुकडा आणून त्याच्या ताटाखाली ठेवला. ताट डुगडुगलं.

अनिमेषने खाली वाकून पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. “तांदळाची गोण होती सीटवर. वेदू नव्हती.”

“म्हणजे फाटणार हे माहीत होतं.”

“माहीत नव्हतं म्हणून तर गोण ठेवली ना! सीट आम्ही फायबरच्या तळाला बोल्टने आवळली होती. ब्रेक मारला, गोण पुढे गेली, सीट तिच्याबरोबर निघाली. चूक कळली. कापून काढलं ते सगळं.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तू वेदूला गाडीजवळ फिरकू दिलं नसतंस.”

“अगदी बरोबर,” देविका म्हणाली आणि तुकडा उचलून घेतला. “भुजणं निवतंय. जेव.”

त्यानंतर त्यांनी काम पहिल्यापासून केलं, हे तिलाही मान्य करावं लागलं. सांगाड्याच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या दोन आडव्या पाइपा वेल्ड केल्या. सीट आता त्या पाइपांना धरून होती. फायबर नुसतं पायाखाली, शोभेला. पट्टेसुद्धा सीटला नाही, सांगाड्यालाच बांधले. ओनीलने तिला हाताला धरून नेल्यासारखं सगळं दाखवलं आणि मग प्रत्येक बोल्टवरची बारीक पिवळी रेघ दाखवली.

“ही काय?”

“आमची एअरपोर्टची सवय. बोल्ट पुरा आवळला, पान्याने टक् आवाज दिला, की लगेच पेंटची रेघ मारायची. अर्धी बोल्टवर, अर्धी पाइपवर. उद्या बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आणि रेघ नसली तर तो बोल्ट झालेलाच नाही. आम्ही एकमेकांना विचारत बसत नाही. रेघ बघतो.”

हे तिला पटलं. पटलं म्हणूनच, तो हात धुवायला गेल्यावर तिने एका रेघेवर नख घासून पाहिलं. रंग निघाला नाही, नखच तुटलं. तरीही ओनीलवर तिचा विश्वास काही बसेना. त्याने काही वाईट केलं होतं असंही नाही. तो फार हसायचा, एवढंच. ज्या कामात तिच्या पोरीचं डोकं आवाराच्या शेवटच्या भिंतीपासून हातभर अंतरावर येणार होतं, त्या कामात माणसाने इतकं हसू नये.

खंडेनवमीला संध्याकाळी ती वेदूला घेऊन गोदामात गेली. तिला सीटवर बसवलं, पट्टे लावले आणि लगेच म्हणाली, “हा गळ्याला घासतोय.”

अनिमेष म्हणाला, “किंचित.”

“गळ्याला किंचित काय आणि जास्त काय?”

ओनील या वेळी हसला नाही. त्याने पट्ट्याखाली दोन बोटं घातली, वेदूच्या मानेकडे पाहिलं आणि म्हणाला, “वहिनी बरोबर बोलतात. पट्टा खांद्यावरून यायला पाहिजे. सीट वर घ्यावी लागेल.” वेदूला उतरवून त्याने चारी बोल्ट काढले, सीट आणि पाइप यांच्यामध्ये जाड लोखंडी चकत्या सरकवल्या आणि लांब बोल्ट हातानेच फिरवून आत सोडले. आधी चारी सैल बसवायचे, सीट सरळ आली की मग तिरके तिरके आवळत जायचं, असं तो वेदूला सांगत होता. देविका तेवढ्यात वेदूला पाणी द्यायला बाहेर घेऊन गेली.

बाहेर अप्पांची टॅक्सी आली होती. अनिमेष धावत जाऊन पिशव्या उतरवत होता. देविकाचे सासरे अप्पा गोदीच्या ऑफिसातून रिटायर झालेले, पण घरातला कारभार अजून हेडक्लार्कच्या थाटात चालवणारे. दादरहून झेंडू, आपट्याची पानं आणि नारळ घेऊन ते थेट आले होते. घरी घट बसलेले, म्हणून सासूबाई ठाकूरद्वारलाच थांबल्या होत्या. अप्पांच्या घराण्यात खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं हत्यार पाटावर यायचं. विळी, अडकित्ता, कात्री, सगळं. आणि एकदा त्याला हळदकुंकू लागलं, की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही. हत्याराचीही सुट्टी.

“वेळ टळतेय,” म्हणत अप्पा आत शिरले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, करवत असं एकेक उचलून पाटावर मांडलं. शेवटी ओनीलच्या हातातला लांब पाना. “आण इकडे. हाच खरा मानकरी.”

देविका दारातून पाहत होती. ओनीलने क्षणभर पाना धरून ठेवला. मग कापडाने पुसून दिला. “घ्या अप्पा. याला आरती दोनदा ओवाळा, हा जास्त काम करतो.” त्याने घड्याळ पाहिलं आणि शिफ्टला पळाला. जाताना तिच्याकडे बघून हात हलवला.

क्षणभर का धरून ठेवला असेल? तिच्या मनात पाल चुकचुकली. पण अप्पा हाका मारत होते.

“देविका, गाडीला तू लाव हळद. घरच्या बाईचा हात लागू दे.”

तिने ओली हळद स्टीअरिंगला लावली, बॉनेटला लावली, चारी चाकांना लावली, वर कुंकू टेकवलं. मग डाव्या बाजूला वाकून तिने अंधारात चाचपत सीटचे चारी बोल्ट शोधले. इथे कुंकू नको, फिक्या कापडावर डाग पडेल, म्हणून नुसती हळद. एकेका बोल्टच्या माथ्यावरून बोट खाली पाइपवर ओढत ती मनात म्हणत होती, हिला धरून ठेवा. दुसरं काही मागणं नाही, फक्त हिला धरून ठेवा.

निघताना तिने अनिमेषला विचारलं, “सीट झाली ना?”

“हो हो.”

माणूस दोनदा हो म्हणाला की तो ऐकत नसतो, हे तिला सहा वर्षांच्या संसारात कळलं होतं. पण वेदूला झोप आली होती.

दसऱ्याला सकाळी गाडीला माळा चढल्या. अप्पांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. मुहूर्त बाराच्या आतला होता आणि ओनीलचा पत्ता नव्हता.

“त्याची शिफ्ट आहे. सुटला की येईल,” अनिमेष म्हणाला.

“आजच्या दिवशी? आपण केलेल्या गाडीची पहिली फेरी, आणि हा गैरहजर?”

“सुट्टी नाही मिळाली बाई.”

“फोन पण उचलत नाहीये.”

“विमानापाशी फोन नसतो त्यांच्याकडे. तुला माहितीये हे.”

तिला माहीत होतं. तरीही ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो असा तोंड चुकवत नाही, असं तिला वाटत राहिलं. काल त्याने पाना धरून ठेवला होता. काहीतरी उरलं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

“तू एकदा सगळं बघ,” ती म्हणाली.

“बघणारच आहे.” अनिमेषने मोबाइलचा टॉर्च लावला आणि गाडीभोवती वाकत, गुडघे टेकत फिरला. मोठ्याने बोलत होता, तिने ऐकावं म्हणून. “चाकं, रेघ आहे. स्टीअरिंग, आहे. पट्टे, आहे. माझी सीट, आहे. वेदूची सीट...” तो जरा जास्त वाकला. “आहे, आहे, आहे, आहे. चारही. खूश?”

देविकाने स्वतः वाकून पाहिलं. काळ्या बोल्टवर पिवळं. खोटं बोलत नव्हता.

वेदू हेल्मेट घालून तयारच होती. पांढरा फ्रॉक, पांढरे मोजे, गळ्यात आजीने दिलेली काळ्या मण्यांची छोटी माळ, जी देविकाने आधी काढून पर्समध्ये ठेवली. बाबाने तिला उचलून सीटवर ठेवलं. पट्टा आता बरोबर खांद्यावर बसला. अनिमेषने इंजिन सुरू केलं. आवारभर असा घुमारा झाला की काचेच्या इमारतीतून दोन-चार माणसं खिडकीशी आली. अप्पांनी नारळ हातात घेतला.

“आई, माझा मोजा खराब झाला,” वेदू ओरडली.

“राहू दे आता,” अनिमेष म्हणाला.

देविकाने वाकून पाहिलं. डाव्या मोज्याच्या घोट्याशी पिवळा फराटा उमटला होता. सीटच्या पुढच्या बोल्टला घासून. तिचा हात आपोआप मोजा झटकायला गेला आणि थांबला.

ओनीलची रेघ निघत नाही. तिने स्वतः नख मोडून घेतलं होतं.

तिने बोट बोल्टवर फिरवलं. पिवळं बोटावर आलं. कोरडं, भुरभुरीत. तिने ते नाकाशी नेलं. मग तिने तो बोल्ट चिमटीत धरला आणि फिरवला. बाटलीचं झाकण फिरावं तसा तो फिरला.

“बंद कर.”

“काय?”

“गाडी बंद कर, अनिमेष!”

इंजिन थांबलं. देविकाने आधी वेदूचे पट्टे सोडवले, तिला कडेवर घेतलं, आणि मग म्हणाली, “बोल्ट सैल आहे. हाताने फिरतोय.”

“शक्य नाही. रेघ आहे त्यावर, मी आत्ता—” तो उतरून आला, वाकला, बोल्टला हात लावला. मग दुसऱ्याला. मग मागच्या दोघांना. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग राहिला नव्हता. त्याने आवाराच्या शेवटच्या भिंतीकडे पाहिलं, जिच्या अलीकडे तो जोरात ब्रेक मारून दाखवणार होता.

“तरी मी म्हणत होते,” देविकाचा आवाज चिरकला. “हा माणूस काहीतरी लपवतोय. म्हणून आला नाही आज.”

“कोण नाही आला?” मागून आवाज आला. ओनील फाटकातून आत येत होता, युनिफॉर्म तसाच, हातात मिठाईचा डबा. “ड्यूटी संपली की टॅक्सी पकडली सरळ. फेरी झाली?”

“ओनील, वेदूची सीट तू टाइट केली होतीस?” देविकाने विचारलं.

“नाही.”

इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. “नाही? आणि हे तू आत्ता सांगतोयस?”

“सांगायचं काय त्यात? काल अप्पांनी माझ्या हातातून पाना घेतला. मी म्हटलं, आता पूजा झाल्यावर अनिमेष करेल. पान्याला दसऱ्यापर्यंत सुट्टी असते हे मला कुठे ठाऊक? बोल्टवर रेघ नाही म्हणजे झालेला नाही, हे त्याला काय मी सांगू?”

“रेघ आहे,” अनिमेष म्हणाला.

“कशी असेल? मी मारलीच नाही.” ओनीलने डबा बॉनेटवर ठेवला आणि गुडघे टेकले. त्याने बोल्टवर बोट फिरवलं. “हे पेंट नाही. हे कुणी लावलं?”

अप्पांनी घसा खाकरला. अनिमेषने बायकोकडे पाहिलं नाही, पण काल हळदीचं ताट कुणाच्या हातात होतं हे त्याला आठवलं असावं. देविकाला एक क्षण वाटलं, की गप्प राहिलं तरी चालेल. वेदू वाचली, एवढं पुरे.

“मी,” ती म्हणाली. “हळद आहे ती. मी लावली. चारही बोल्टना. हिला धरून ठेवा म्हणून.”

वेदूने तेवढ्यात डब्याचं झाकण उघडलं होतं.

“कुंकू का नाही लावलंत वहिनी?” ओनीलने हळूच विचारलं. “लाल असतं तर याने पण ओळखलं असतं.”

“सीटवर डाग पडेल म्हणून.”

ओनीलच्या तोंडाचा कोपरा हलला. तो हसतोय असं तिला आधी वाटलं. पण तो हसत नव्हता. त्याचा हात अजून त्या बोल्टवर होता आणि नजर वेदूच्या मोज्यावरच्या फराट्यावर. तिने इतक्या रविवारी पाहिलेल्या या माणसाचा चेहरा तिला आज प्रथमच दिसला.

“तू पाना द्यायला नको होतास मग!” अप्पा एकदम ओनीलवर उखडले. “सांगायचंस की, अप्पा, बोल्ट राहिलेत!”

“अप्पा, तुमच्या देवाच्या पाटावर जाणारी वस्तू मी कॅथलिक माणूस काय ओढून धरू? एक मिनिट धरली होती, तुम्ही डोळे वटारलेत.”

म्हणून धरली होती. देविकाने मान खाली घातली.

“आता काय? संध्याकाळपर्यंत थांबायचं?” अनिमेष म्हणाला. “पाना तर सुट्टीवर आहे.”

अप्पा पाटाजवळ गेले. ओंजळीत अक्षता घेतल्या, काहीतरी पुटपुटत हत्यारांवर वाहिल्या आणि पाट दोन्ही हातांनी जरासा सरकवला. “झाली उत्तरपूजा. सुट्टी संपली याची.”

“हे असं लगेच करता येतं?” अनिमेष म्हणाला. “मग काल का नाही केलंत?”

“काल मला कुणी सांगितलं होतं का?” अप्पा गुरगुरले आणि पान्यावरचं झेंडूचं फूल काढून त्यांनी तो ओनीलच्या हातात दिला. देताना दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्यावर थोपटलं, जोरात, रागावल्यासारखं.

ओनीलने आधी चारी बोल्ट ओल्या फडक्याने पुसले. हळदीचा मागमूस राहिला नाही. मग तो तिरके तिरके आवळत गेला. देविका गुडघ्यावर बसून कान देऊन होती. टक्. टक्. टक्. चौथा आवाज यायला जरा वेळ लागला, तेव्हा ती आणखी पुढे वाकली. टक्. त्याने खिशातून पेंटचं पेन काढून रेघा मारल्या. त्या वाळेपर्यंत सगळे तसेच उभे राहिले आणि वाळल्यावर देविकाने प्रत्येकीवर नख घासून पाहिलं. तिला कुणी हसलं नाही.

“आता वेदूला बसवू?” अनिमेषने विचारलं.

“नाही. आधी मी.”

ती साडी सावरून त्या खुज्या गाडीत शिरली. पट्टे लावले. अप्पांनी नारळ फोडला. अनिमेषने गाडी आवाराच्या टोकापासून सोडली आणि ती शेवटच्या भिंतीकडे सुसाट निघाली. देविकाने डोळे उघडेच ठेवले. भिंत अंगावर आली. त्याने ब्रेक दाबला. पट्टे तिच्या खांद्यांत रुतले, मान पुढे गेली, केस तोंडावर आले. सीट तसूभर हलली नाही.

“पुन्हा,” ती म्हणाली. “जोरात.”

दुसऱ्यांदाही तेच झालं. मग ती उतरली, वाकून चारही रेघा तपासल्या. अखंड होत्या. तिने वेदूला बसवलं, स्वतःच्या हाताने पट्टे आवळले आणि बाजूला होण्याआधी सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली.

“वहिनी,” ओनील मागून म्हणाला, तोंडात बर्फीचा तुकडा होता, “आता तरी बसला विश्वास?”

“सीटवर,” देविका म्हणाली. तिच्या तर्जनीच्या नखात अजून पिवळं होतं. ते तिने पदराला पुसलं, तरी निघालं नाही. “बाकीच्यांचं बघू. मलाही धरून.”